जुन्या बाजारातला ट्रान्सफॉर्मर: आधी अनुमान, मग वीज



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हांला गाठून विचारलं, की जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण असं बघा. पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही एक जड लोखंडी ठोकळा उचलून आणलात. त्यावरची चिठ्ठी केव्हाच गळून गेली आहे. दहा तारांची टोकं बाहेर लोंबताहेत. आतलं काहीच दिसत नाही. तो कशासाठी बनवला होता, किती व्होल्टचा आहे, धड आहे की आतून जळालाय, हे सगळं बाहेरच्या खुणांवरून ठरवायचं. धुरावरून अग्नी ओळखायचा, हेच तर आम्ही वर्गात शिकवत आलो. वर्गात अनुमान चुकलं तर गुण जातात. इथे चुकलं तर धूर खरोखरच निघतो.

आमच्या घरी तो एकदा निघालेला आहे. निवृत्तीनंतर जुने अँप्लिफायर दुरुस्त करायचा नाद लागला, त्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. विक्रेता म्हणाला, "बारा व्होल्टचा आहे साहेब, एकदम चालू." न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे खरं, पण बोलणारा आप्त असेल तर! आम्ही तो घरी आणला, प्रायमरी वाटल्या त्या दोन तारा सरळ प्लगमध्ये खोचल्या. ठोकळा छान गुणगुणला. मीटरने तेरा-साडेतेरा व्होल्ट दाखवले. आता आणखी काय हवं, म्हणून चालू ठेवून चहा घ्यायला आत गेलो. वीसेक मिनिटांत वॉर्निश जळाल्याचा वास घरभर पसरला. बाहेर येतो तो ठोकळ्यातून धूर निघतोय, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमचा चार वर्षांचा नातू चित्र रंगवत बसलाय. आमच्या सौ.नी आमच्या आधी धावत येऊन बटण बंद केलं. त्याला काही झालं नाही. पण ती संध्याकाळ आम्ही विसरलेलो नाही, आणि आजचं व्याख्यान खरं तर तिथूनच निघालं आहे.

नंतर तो ट्रान्सफॉर्मर उघडला. आत काही वेढ्यांचं एनॅमल गेलेलं होतं आणि ते वेढे एकमेकांना चिकटून आपापसातच बंद वर्तुळ झाले होते. म्हणजे आमच्याकडे दोन पुरावे होते, गुणगुणणं आणि तेरा व्होल्ट. दोन्ही खरेच होते. पण गुणगुणण्याने एवढंच कळतं, की लोखंडात चुंबकत्व येतं-जातं आहे. व्होल्टेज बरोबर आलं, याने वेढ्यांचं प्रमाण कळतं. वेढे आतून चिकटलेत का, हा प्रश्न आम्ही त्या ठोकळ्याला विचारलाच नव्हता. विचारला नसताना उत्तर मिळालं असं मानून बसलो.

तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो. प्रत्येक चाचणी कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर देते ते आधी स्वतःशी म्हणायचं. आणि क्रम असा, की ज्या प्रश्नांनी काहीच इजा होत नाही ते सगळे आधी संपवायचे. २३० व्होल्टचा प्रश्न सर्वांत शेवटी. मधल्या काळात निम्मे ठोकळे आपोआप गळून जातात, हा अनुभव.

इजा न करणारा पहिला प्रश्न डोळ्यांचा. आपल्या कामाचा जो ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर, तो पातळ पोलादी पत्र्यांचा असतो. बाजारात त्यांना स्टॅम्पिंग म्हणतात. कडेने पाहिलं की वहीच्या पानांसारखे थर दिसतात. याउलट काळपट करड्या, ठिसूळ, चिनी मातीच्या भांड्यासारख्या कोअरवर पिवळी टेप गुंडाळलेली असेल, तर ती फेराइट. ती संगणकाच्या पॉवर सप्लायमधली, हजारो हर्ट्झवर चालणारी वस्तू. तिला भिंतीतल्या प्लगचे ५० हर्ट्झ दिले तर क्षणात जळते. ती बाजूला ठेवा. दोनच तारा असलेला लांबट ठोकळा ट्यूबलाइटचा चोक असण्याची शक्यता मोठी. त्यात एकच गुंडाळी असते, तो ट्रान्सफॉर्मर नव्हेच. गोल कड्यासारखा असेल तर तो टोरॉइड, चांगली वस्तू, मात्र बसवताना मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकू देऊ नका. नाहीतर तो बोल्ट आणि ती पेटी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो.

आता ज्यांना डोळ्यांनीच ओळखून परत ठेवायचं, ते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर भंगारात हल्ली सर्रास मिळतो. तीन-चार किलोचा, पत्र्यांच्या कडेवर वेल्डिंगची रेघ, एक गुंडाळी जाड तारेची, दुसरी बारीक तारेची, आणि त्या बारीक गुंडाळीचं एक टोक थेट कोअरला जोडलेलं. त्यातून सुमारे २,००० व्होल्ट निघतात, आणि तेही अर्ध्या अँपिअरच्या घरात. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ठिणगी उडवणाऱ्या यंत्रात व्होल्ट जास्त असतात पण प्रवाह नगण्य, म्हणून माणूस दचकतो आणि हसतो. इथे दोन्ही आहेत. याची चाचणी आम्ही सांगणार नाही, कारण घरच्या टेबलावर त्याची सुरक्षित चाचणी नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीमधला ईएचटी ट्रान्सफॉर्मरही याच यादीत. आणि तेल भरलेलं काहीही. जुन्या काही तेलांत पीसीबी नावाची विषारी रसायनं असत. ती शरीरात साठून राहतात, म्हणूनच २००१ च्या स्टॉकहोम करारात त्यांचं नाव आहे. तेल गळत असेल तर हातसुद्धा लावू नये.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो गरीब दिसतो: स्टॅबिलायझरमधला. तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एकाच गुंडाळीला मधून मधून फाटे काढलेले. त्यात आत येणारी वीज आणि बाहेर जाणारी वीज वेगळ्या नसतात, एकाच तारेवर असतात. परदेशी उपकरणांसाठी मिळणारे ११० व्होल्टचे बरेच कन्व्हर्टरही असेच. बाहेर थोडे व्होल्ट दिसले म्हणून हात लावाल तर त्या तारेच्या पाठीशी अख्खी फेज उभी असते. तो ओळखायचा कसा? मल्टिमीटरने. तिकडेच आता जाऊ.

हातातला ठोकळा एखाद्या जुन्या यंत्रातून तुम्ही स्वतः काढणार असाल तर एक थांबा घ्या. प्लग काढलेला असला तरी आतले मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ती तीनशे-साडेतीनशे व्होल्ट सहज असते. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. काही हजार ओहमचा जाडसर रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून ती हळू उतरवा आणि मीटरने शून्य झाल्याचं बघा.

तर मल्टिमीटर. उदाहरण म्हणून आमच्याकडे नंतर आलेला एक ठोकळा घेऊ, दहा तारांचा. उभ्या पत्र्यांचा, एका बाजूला कापडी वेष्टणाच्या तारा. मधल्या दांड्याची रुंदी ३.२ सेंटिमीटर, पत्र्यांच्या थप्पीची जाडी २.५. (मधला दांडा गुंडाळीने झाकलेला असतो, पण नेहमीच्या ई-आय पत्र्यांत तो बाहेरच्या दांड्याच्या दुप्पट रुंद असतो, म्हणून बाहेरचा मोजला तरी चालतं.) गुणाकार ८ चौरस सेंटिमीटर. कारागिरांचा ढोबळ हिशेब असा, की या आकड्याला १.१५ ने भागायचं आणि येईल त्याचा वर्ग करायचा. आपल्याकडे आला ४८. म्हणजे साधारण ५० व्होल्ट-अँपिअरचा माल. घरगुती रेडिओ लागतो साधारण तेवढाच.

मीटर कंटिन्युइटीवर ठेवून कोणती तार कोणाशी बोलते ते कागदावर लिहीत जायचं. कागदावरच, डोक्यात नाही. आमचे गट असे पडले. पहिल्या गटात तीन तारा: टोकापासून टोकापर्यंत २१७ ओहम, मधल्या तारेपासून एका बाजूला १०५, दुसऱ्या बाजूला ११२. दुसऱ्या गटात दोन तारा, ४६ ओहम. तिसऱ्यात दोन जाड तारा, ०.२ ओहम. चौथ्यातही दोन जाड तारा, ०.१ च्या आसपास. झाल्या नऊ. दहावी तार कोणाशीच बोलेना.

ही दहावी तार मोठी शिकवण देते. पहिला विचार मनात येतो, की गुंडाळी तुटली, ठोकळा बाद. आम्ही तो परत पिशवीत टाकलाही होता. मग लक्षात आलं, की तुटलेल्या गुंडाळीला दोन टोकं असतात. मधे तुटली तर दोन तारा अनाथ व्हायला हव्यात, एक नव्हे. एकच तार एकटी असेल तर बहुधा ती प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये घातलेल्या तांब्याच्या पत्र्याची, म्हणजे स्क्रीनची असते. तिला दुसरं टोक नसतंच, तिचं काम अर्थिंगला जोडून घेण्याचं. चांगल्या दर्जाच्या मालात ती असते. ज्या खुणेवरून आम्ही त्याला बाद ठरवत होतो, ती त्याच्या चांगुलपणाची खूण निघाली.

१०५ आणि ११२ हा फरकही असाच. दोन्ही अर्ध्यांत वेढे सारखेच असतात. पण बाहेरच्या थरांतला प्रत्येक वेढा जरा लांब पडतो, तार जास्त लागते, ओहम वाढतात. यात बिघाड नाही.

ऑटोट्रान्सफॉर्मर इथे पकडला जातो. त्याच्या सगळ्या तारा एकाच गटात येतात. ज्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा आपापसात बोलतात, तो वेगळा ठेवायचा.

ओहमवरून मात्र फार पुढे जाऊ नका. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावून कोणी म्हणेल, ४६ ओहमवर २३० व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर, हा तर जळणारच! प्रत्यक्षात लोड नसताना असा ट्रान्सफॉर्मर काही दहा मिलिअँपिअर घेतो. कारण बदलत्या विजेला तो स्वतःच उलट दाब निर्माण करून अडवतो, आणि हे अडवणं मीटरच्या बॅटरीच्या सरळ विजेला दिसत नाही. मायकेल फॅरडेने ऑगस्ट १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या करून प्रयोग केला, तेव्हा त्यालाही हेच दिसलं होतं. बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूची सुई एकदा हलते, तोडली की उलट हलते, मधे वीज वाहत असताना गप्प. तोडतानाच्या त्या उसळीचा प्रसाद काट्याच्या जुन्या मीटरने मोजताना मिळू शकतो. म्हणून दोन्ही हातांनी उघडी टोकं चिमटीत धरून ओहम मोजू नयेत. आम्ही मोजले आहेत.

यानंतर इन्सुलेशन. प्रत्येक गटातून दुसऱ्या गटाकडे आणि प्रत्येक गटातून लोखंडाकडे. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की बॅटरीच्या काही व्होल्टला तिथे वाट सापडली नाही. २३० ला सापडणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. इथे ५०० व्होल्टचा मेगर लागतो. मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतो आणि दोन मिनिटांचं काम ते हसत करून देतात. चांगला कोरडा ट्रान्सफॉर्मर शंभर मेगाओम किंवा वर दाखवतो. एक मेगाओमच्या खाली आला तर आम्ही पुढे जात नाही. पावसाळ्यात बाजारातून आणलेला माल बऱ्याचदा दमट असतो. आठ-दहा दिवस उबदार कोरड्या जागी ठेवून पुन्हा बघितलं तर आकडा चढलेला दिसतो. चढला नाही, तर मात्र तांबं वजनावर विकावं.

आता वीज. पण अजून भिंतीतली नव्हे.

एक चांगला, नवा, कंपनीचा बंद डब्यातला १२ व्होल्ट एसी देणारा अडॅप्टर आम्ही या कामासाठी ठेवला आहे. लक्षात घ्या, एसी. मोबाइलचा चार्जर डीसी देतो, तो इथे चालत नाही. हे १२ व्होल्ट अनोळखी ठोकळ्याच्या एका गटाला द्यायचे आणि बाकीच्या गटांवर काय येतं ते मोजायचं. कोणत्या गटाला द्यायचे, इथे सगळा धोका आहे. ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. १२ व्होल्टच्या जाड गुंडाळीला तुम्ही १२ व्होल्ट दिलेत, तर बारीक गुंडाळीवर २३० उभे राहतात. तुम्ही समजता आपण बारा व्होल्टशी खेळतोय, आणि समोरच्या उघड्या तारांवर भिंतीइतकीच वीज असते. म्हणून नियम: ज्या गटाचे ओहम सर्वांत जास्त, त्याला आधी द्यायचं. मग इतर गटांवर येईल ते दिल्यापेक्षा कमीच येण्याची शक्यता. आणि या जोडणीत १२ व्होल्टचा एक लहान बल्ब मालिकेत घालायचा. बाकी सगळ्या तारा मोकळ्या असताना तो लख्ख पेटला, तर आतले वेढे चिकटले आहेत, असा दाट संशय घ्यायचा. त्या दिवशी आम्ही न विचारलेला प्रश्न तो हाच. फक्त आता तो १२ व्होल्टवर विचारला जातो, आणि धुराऐवजी बल्ब उत्तर देतो.

आमचा बल्ब पेटला नाही. २१७ ओहमच्या गटाला १२ व्होल्ट दिले. ४६ ओहमवर ५.२ आले, तिसऱ्यावर ०.१५, चौथ्यावर ०.१२.

आता अनुमान सुरू. सर्वांत जास्त ओहमची गुंडाळी म्हणजे प्रायमरी, असं पुष्कळ लोक सांगतात. धरून चालू की २१७ ओहमवाली प्रायमरी. मग १२ च्या जागी २३० गेले तर सगळं एकोणीस पट होईल: दुसऱ्यावर १०० व्होल्ट, तिसऱ्यावर २.९, चौथ्यावर २.३. आता सांगा, नेहमीच्या रेडिओत २.९ आणि २.३ व्होल्ट मागणारं काय असतं? काहीच नाही. शिवाय प्रायमरीला बरोबर मधोमध फाटा कशाला? नैयायिक ज्याला तर्क म्हणतात तो हा. हा तर्क स्वतः प्रमाण नव्हे. पण 'असं असतं तर तसं व्हायला हवं होतं, आणि तसं तर नाही', एवढं म्हणून तो चुकीचा पक्ष हटवतो.

दुसरा पक्ष: ४६ ओहमवाली प्रायमरी. तिला १२ व्होल्ट दिले. पहिल्या गटावर २७.७, तिसऱ्यावर ०.३५, चौथ्यावर ०.२८. एकोणीस पट करा. पहिल्यावर ५३० च्या आसपास, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे २६५. तिसऱ्यावर ६.७, चौथ्यावर ५.४. आता लोड नसताना लहान ट्रान्सफॉर्मर आपल्या नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त दाखवतो, हे ध्यानात घ्या. ६.७ चे लोडवर होतील ६.३, ५.४ चे होतील ५, आणि २६५ चे २५०. व्हॉल्व्ह रेडिओ उघडलेला कोणीही माणूस हे तीन आकडे ऐकून मान डोलावेल. ६.३ व्होल्ट व्हॉल्व्हच्या हीटरला, ५ व्होल्ट रेक्टिफायर व्हॉल्व्हला, आणि २५०-०-२५० त्यांच्या प्लेटच्या विजेला. चारही गट एकाच गोष्टीत चपखल बसले. २१७ ओहम जास्त का, तेही कळलं: वेढे दुपटीहून जास्त आणि तार बारीक.

(सगळ्या जुन्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसे. एसी-डीसी सेट म्हणून विकले जाणारे रेडिओ त्याशिवायच चालत आणि त्यांच्या चॅसीवर थेट मेन्स असू शके. तो विषय वेगळा, पण जुना रेडिओ उघडणाऱ्यांनी कानाआड करू नये.)

इथपर्यंत कोणालाही शॉक बसण्याचं कारण नव्हतं. आता भिंतीतली वीज.

सिरीज बल्ब तुम्हांला माहीत असेल. फेजच्या तारेत एक होल्डर, त्यात ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब, आणि त्याच्यानंतर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. एलईडी बल्ब चालत नाही. फिलामेंटची गंमत अशी, की थंड असताना त्याचा विरोध अगदी कमी असतो आणि तापल्यावर दसपटीहून अधिक होतो. ट्रान्सफॉर्मर धड असेल तर फारशी वीज वाहत नाही, बल्ब थंड राहतो, जणू नाहीच. आत शॉर्ट असेल तर बल्ब तापून स्वतःच आडवा पडतो आणि पाव अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. बटण दाबताना एक क्षण चमकून विझला तर घाबरू नका, लोखंड पहिल्यांदा चुंबकित होताना तेवढं घेतं. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद. मोठ्या ठोकळ्याला किंचित तांबूस झाक चालते.

बल्ब पेटला नाही म्हणून खूश होण्याआधी तो पेटू शकत होता का, ते बघितलंय का? होल्डर सैल असेल, बल्बच उडालेला असेल, तरीही तो पेटणार नाहीच. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे लाकूड ओलं असेल तरच खरं. त्या ओलेपणाला उपाधी म्हणतात. आपल्या चाचणीची उपाधी म्हणजे चालू बल्ब आणि घट्ट जोड. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या जागी आधी दुसरा तसाच बल्ब लावून बघायचा. दोन्ही मंद पेटले की जोडणी बरोबर.

आणि आता आमच्या मते आजच्या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सिरीज बल्ब ट्रान्सफॉर्मरला वाचवतो, माणसाला नाही. तो पाव अँपिअर जाऊ देतो, म्हणजे अडीचशे मिलिअँपिअर. माणूस मरायला याच्या कितीतरी कमी पुरतात. तसंच घरातल्या आरसीसीबीचं, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो. उत्तम वस्तू आहे, ती नसेल तर हे काम घरी करूच नका. पण ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी मेन्सपासून वेगळी असते. तिची दोन टोकं तुम्ही दोन हातांत धरलीत तर वीज तुमच्यातून जाऊन त्याच गुंडाळीत परत येते. फेज-न्यूट्रलमध्ये फरक पडत नाही. आरसीसीबीला तुम्ही दिसतच नाही. आमच्या ठोकळ्यात हे ५३० व्होल्ट होते. बल्ब आहे, ईएलसीबी आहे, म्हणजे मी सुरक्षित, हे अनुमान इथे सपशेल खोटं पडतं. तिथे सुरक्षितता एकच: चालू असताना हात न लावणं.

म्हणून आमची पद्धत. लोखंडाला अर्थिंगची तार. स्क्रीनची तार अर्थिंगला. लहान फ्यूज. प्रत्येक मोकळं टोक वेगळं करून टेप लावलेलं. मीटरचे चिमटे वीज बंद असताना लावायचे, लांब व्हायचं, बटण दाबायचं, वाचायचं, बटण बंद, प्लग काढायचा, मग चिमटे दुसरीकडे. एकेक वाचन वेगळं. वेळ लागतो. टेबलाजवळ मूल नको, मांजर नको, आणि आपल्यावर लक्ष ठेवणारं, बटण कुठे आहे हे माहीत असलेलं एक माणूस हवं. आमच्याकडे ते काम कोण करतं, हे सांगायला नको.

बल्बसह सगळे आकडे जुळले की बल्ब काढून, फ्यूज ठेवून, तासभर लोडशिवाय चालवायचा. त्या तासात चहा प्यायला जायचं नाही. दर दहा मिनिटांनी प्लग काढायचा आणि मगच हाताने ऊब बघायची. कोमट झाला तर ठीक. हात ठेवता येत नाही इतका तापला, किंवा वॉर्निशचा गोडसर जळका वास आला, तर बाद. यानंतर लोड. बारा व्होल्टच्या गुंडाळीला मोटारच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब चांगला, एकाला एक समांतर जोडत जायचे आणि व्होल्ट कितीने उतरतात ते पाहायचं.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत.

"टेस्टर कोअरला लावला तर किंचित पेटतो, म्हणजे लीकेज आहे का?" असेल किंवा नसेल. टेस्टरचा निऑन इतक्या थोड्या विजेवर पेटतो, की अर्थिंग न केलेल्या लोखंडावर नुसत्या जवळिकीने येणारी वीजही त्याला पुरते. आणि दिवसाच्या उजेडात खरी फेज असूनही तो पेटलेला दिसत नाही, असंही होतं. दोन्हीकडून फसवणारा साक्षीदार. मेगरला विचारा.

दुसरी चिठ्ठी एका विद्यार्थ्याची दिसते. "मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेच्या झाडाची नक्षी जाळतात, व्हिडिओ पाहिले आहेत, करू का?" नाही. बाळा, यात माणसं मेली आहेत, आणि त्यांत अनुभवी माणसं होती. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंदच केला. मघा सांगितलेले आकडे आठव, २,००० व्होल्ट आणि अर्धा अँपिअर. तिथे पहिल्या चुकीनंतर दुसरी करायला माणूस उरत नाही. नक्षी करायची असेल तर रंगाने कर, आणि आम्हांला दाखवायला आण.

शेवटी त्या दहा तारांच्या ठोकळ्याचं काय झालं ते सांगतो. आम्ही त्याला नवी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर गटवार तारांचे रंग आहेत आणि खाली असं लिहिलंय: प्रायमरी २३०, लोडशिवाय तासभर चालवला, कोमट. २५०-०-२५०, लोड दिलेला नाही. ६.३, लोडवर तपासला. ५, लोडवर तपासलेला नाही. करडी तार स्क्रीन असावी, अर्थिंगला जोडणे.